बर्डी नावाने पडलेले एक मत

प्रति,
मा. राज्य सचिव (निवडणुका),
राज्य सचिव कार्यालय,
राजधानी.

मार्फत : काउंटी क्लर्क, सेजवेल काउंटी, मु. ड्राय फोर्क.

अर्जदार : श्रीमती व्हर्लीन हॅस्केट, काउंटी क्लर्क, सेजवेल काउंटी, मु. ड्राय फोर्क.

विषय : काउंटी क्लर्कचे पद निवडणुकीऐवजी नेमणुकीने भरून मला मोकळे करण्याबाबत, ते जमत नसल्यास एक मत बाद ठरवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा राजीनामा, जो नियमाप्रमाणे काउंटी क्लर्ककडे द्यायचा असल्याने मी मलाच दिला.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र : "अर्ज थेट पाठवू नये, काउंटी क्लर्कमार्फत यावा."

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी सेजवेल काउंटीची निवडून आलेली क्लर्क असून मला निवडून यायचे नव्हते. या काउंटीत मतदार यादी सांभाळणे, मतपत्रिका छापून घेणे, मते मोजणे, लग्नाचे परवाने देणे आणि जमिनीचे दस्त नोंदवणे ही सर्व कामे कोर्टाच्या इमारतीत एकाच टेबलावर चालतात आणि त्या टेबलामागे एकच माणूस बसतो. डेप्युटीची खुर्ची आहे, पण डेप्युटी खाणीवर नोकरीला लागल्यापासून तीवर मी जिरेनियमची कुंडी ठेवते. माझ्या आजवरच्या सर्व निवडणुका बिनविरोध झाल्या. त्या मीच घेतल्या, मते मीच मोजली आणि मी निवडून आल्याचे प्रमाणपत्र मीच मला दिले. याबद्दल आजवर कोणाची तक्रार नव्हती. आता माझी आहे.

२. माझे पती श्री. डुएन हॅस्केट यांची फुप्फुसे खाणीतल्या धुळीने निकामी होत आली आहेत. ड्राय फोर्क किती उंचावर आहे हे आपणास नकाशावरून दिसेलच. इथली हवा धडधाकट माणसालाही पुरत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की इथला आणखी एक हिवाळा त्यांना निभणार नाही, त्यांना खाली समुद्रसपाटीला न्या. आमची मुलगी समुद्राकाठच्या गावी राहते. तिने खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करून पलंग खिडकीशी ओढून ठेवला आहे. इकडे एकदा खिंड बर्फाने बंद झाली की रुग्णवाहिकासुद्धा वर येत नाही. तेव्हा पतींनी तरी पुढे जावे, असे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : "तू इथं शिक्के मारत बसणार आणि मी तिथं समुद्राकडं बघत एकटाच मरणार? जाऊ तर दोघं जाऊ. नाहीतर तो पलंग मांजराला दे म्हणावं पोरीला." महोदय, या काउंटीत पाणी कमी आहे, हट्ट कमी नाही.

३. मग निघून का जात नाही, असे आपण विचाराल. माझी मुलगी दर रविवारी फोनवर तेच विचारते. निघून गेले तर मला कोणी बेड्या घालणार नाही, हे मलाही कळते. पण कायद्याप्रमाणे क्लर्कने आपल्या जागी दुसरा शपथ घेऊन उभा राहीपर्यंत जागा सोडायची नसते, आणि मी हात वर करून ती शपथ घेतली आहे. शिवाय मार्चमध्ये शाळा चालू ठेवायची की नाही यावर मतदान आहे. क्लर्क नाही तर मतदान नाही, आणि मतदान नाही तर शाळा आपोआप बंद. मतपेट्यांच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आहे. ती मी कोणाच्या तरी हातात देऊन जाईन. खिळ्याला अडकवून जाणार नाही.

४. उन्हाळ्यात मी राजीनामा दिला. तो मी मला दिला, त्यावर मी आवकचा शिक्का मारला आणि काउंटी मंडळापुढे ठेवला. मंडळास माझ्या जागी माणूस नेमता येतो, मात्र तो काउंटीतच राहणारा हवा. मंडळाने दारोदार विचारले. एकाने सांगितले, माझी मेंढरे कोण बघणार. दुसरीने सांगितले : "व्हर्लीनची खुर्ची? नको गं बाई. मला शेजाऱ्यांशी अजून बोलायचंय." ती खोटे बोलली नाही. निवडणूक झाली की अर्धे गाव क्लर्कशी पंधरवडाभर बोलत नाही, आणि ते कोणते अर्धे हे निकालावर ठरते. मंडळाने राजीनामा पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवला. पुढील बैठकीतही तो तहकूब झाला. इतिवृत्त मीच लिहिले.

५. यापूर्वी मी स्वतःच सुचवले होते की क्लर्क निवडून न देता बाहेरून नेमावा. जाहिरात द्यावी, परीक्षा घ्यावी, पगार द्यावा, काउंटीत राहण्याची अट काढावी. त्यावर मतदान झाले. मतदानाआधीच्या सभेत मंडळाचे अध्यक्ष श्री. लॉयल प्रुइट उभे राहिले. हे गुरे पाळतात आणि शाळेपासून मला ओळखतात. ते म्हणाले : "नेमायचा म्हणजे नेमणार कोण? आम्ही मंडळातले तिघं. काढणार कोण? आम्हीच. मग आमच्या निवडणुकीत मतं मोजताना तो कुणाच्या तोंडाकडं बघेल? व्हर्लीन माझ्याकडं बघतसुद्धा नाही. बघितलं तर दटावते. तसलाच माणूस पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ओरडले, आज बाहेरचा माणूस आणाल, उद्या मतपेट्याही बाहेर न्याल. माझी सूचना पडली.

महोदय, श्री. प्रुइट यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. म्हणून तर माझी ही गत झाली आहे.

६. अखेर मी श्रीमती माइते उगाल्दे यांना राजी केले. या बाई गावातल्या जुन्या बास्क, म्हणजे स्पेनकडून आलेल्या मेंढपाळांच्या, खाणावळीत लांब टेबलावर जेवण वाढतात आणि सकाळी टपाल वाटतात. नियम एकदा ऐकला की विसरत नाहीत आणि मोठ्या आवाजाला दबत नाहीत. क्लर्कला आणखी काय लागते? त्यांची एकच अट होती : "मला नेमून घेणार असाल तर नको. मेंढपाळाची पोर आहे मी, कुणी उचलून बसवलं असं ऐकून घेणार नाही. लोकांनी निवडून दिलं तर येईन." त्यांनी रीतसर अर्ज भरला. मतपत्रिकेवर क्लर्कच्या पदासाठी त्यांचे एकच नाव छापले होते. माझे नव्हते. त्याखाली, कायद्याप्रमाणे, दुसरे नाव लिहायचे असल्यास एक रिकामी ओळ आणि तिच्यापुढे पेनने भरायचा गोल होता. ती ओळ मी कधी मनावर घेतली नाही. मतदानाच्या आदल्या आठवड्यात मी घरातल्या बश्या नमुना मतपत्रिकांत गुंडाळून खोक्यांत भरल्या. पतींनी कुत्र्यालाही सांगून टाकले की आपण समुद्रावर चाललो.

७. आता इथे जे घडले ते दुसऱ्या कोणत्या गावात घडले असते असे मला वाटत नाही. आम्ही जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या जाण्याचे सगळ्यांना वाईट वाटत होते, पण इथली माणसे वाईट वाटल्याचे बोलून दाखवत नाहीत. फार तर खिडकीची काच पुसून देतात. मतदानाच्या खोलीत मात्र माणूस एकटा असतो आणि त्याच्या हातात पेन असते. एकेकाला वाटले, बिचारीने इतकी वर्षे आपली मते मोजली, जाताना तिला एकही मत पडू नये हे बरे दिसत नाही. आपण एकटे लिहू, एका मताने काय होते. असे म्हणून प्रत्येकाने त्या रिकाम्या ओळीवर मला निरोप लिहिला.

मोजणीत पुढीलप्रमाणे मते निघाली : "व्हर्लीन हॅस्केट". "व्हर्लीन". "कोर्टातली व्हर्लीन". "डुएनची बायको, सांभाळून जा". "व्हर्लीन, थँक यू, केक छान होता". एकाने पत्ता विचारला होता. आपल्याच परिपत्रकात म्हटले आहे की मतदाराचा हेतू स्पष्ट होत असेल तर नुसत्या शुद्धलेखनावरून अथवा जास्तीच्या मजकुरावरून मत बाद करू नये. मी कुठलेही बाद केले नाही. मतदाराचा हेतू मला मत देण्याचा नव्हता, हेतू निरोप देण्याचा होता, असे मी मोजणीच्या टेबलावर म्हणून पाहिले. साक्षीला बसलेले श्री. प्रुइट म्हणाले : "गोल भरलाय ना? मग मत आहे." गोल सगळ्यांनी नीट भरला होता. तो कसा भरायचा हे मीच त्यांना वर्षानुवर्षे शिकवले आहे.

८. शेवटची मतपत्रिका उरली तेव्हा श्रीमती उगाल्दे एका मताने पुढे होत्या. म्हणजे मी सुटत होते. त्या मतपत्रिकेवर रिकाम्या ओळीत एकच शब्द होता : "बर्डी".

श्री. प्रुइट म्हणाले : "बर्डी? ही कोण? आपल्याकडं बर्डी कोण नाही. काढ बाद, घरी जाऊ."

मतमोजणीचे दुसरे साक्षीदार श्री. बून स्ट्रिकलँड यांनीही मान हलवली. ते म्हणाले : "कुणाची तरी कोंबडी असेल."

पेन माझ्या हातात होते. मी गप्प बसले. मी गप्प बसले हे मी आपणापासून लपवू इच्छित नाही. खोलीत हीटरचा आवाज होता. भरलेली खोकी, खिडकीशी ओढलेला पलंग, सगळे डोळ्यांपुढे आले. "बाद" हा एक शब्द लिहायचा होता. या काउंटीत तो खोटा आहे हे सांगू शकणारी माणसे दोनच, आणि त्यांतले एक टेबलाशी बसलेले.

मी म्हणाले, ते मत मला पडले आहे.

श्री. प्रुइट म्हणाले : "तुला बर्डी कोण म्हणतं? मी तर कधी ऐकलं नाही."

मी म्हणाले : "ते सांगता येत नाही."

"का येत नाही?"

"मतदान गुप्त असतं, लॉयल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली. श्री. स्ट्रिकलँड खिडकीबाहेर बघत राहिले.

महोदय, या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारतो. तो कोण, हे मी आपणासही कळवू शकत नाही. कळवले तर मतदानाच्या गुप्ततेचा भंग होईल व मला पदावरून काढावे लागेल. (तसे काढणार असल्यास कृपया कळवावे.) हे नाव घराच्या चार भिंतींबाहेर उच्चारलेले मी कधी ऐकले नाही आणि कागदावर लिहिलेले तर त्या दिवशी प्रथमच पाहिले. अक्षर थरथरलेले होते. मधेच दम घ्यायला थांबल्यासारखी शाई एके ठिकाणी फुटली होती. पण गोल काठोकाठ भरला होता.

९. मते समसमान झाली. आपल्या राज्यात अशा वेळी पत्ते काढतात. खाणी जोरात चालायच्या तेव्हापासूनची ही रीत आहे व ती कायद्यात आहे. मोठे पान ज्याचे, पद त्याचे. कोरा जोड सगळ्यांसमोर फोडला. पिसायचे काम क्लर्कचे असते. मी स्वतः उमेदवार ठरल्याने ते श्री. स्ट्रिकलँड यांनी केले आणि निम्मी पाने जमिनीवर सांडली, म्हणून पुन्हा केले. श्रीमती उगाल्दे यांनी पान काढले : बदामाची अठ्ठी. मी मनातल्या मनात दुर्री मागितली. आयुष्यात देवाकडे मी दुर्री कधी मागितली नव्हती. निघाली अठ्ठी. इस्पिकची. आकडा सारखा असेल तर इस्पिक वरचढ, हेही कायद्यात आहे.

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर त्या मधेच थांबल्या.

१०. घरी गेले तेव्हा पती ऑक्सिजनची नळी नाकाला लावून खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारले : "सुटलीस?" मी नाही म्हणाले. समसमान झाले, मग पत्ते झाले, एवढेच सांगितले. त्यांनी नळी नाकाशी नीट बसवली. मग म्हणाले : "व्हर्लीन, एक सांगायचंय तुला. मी तिथं गेलो तेव्हा मला वाटलं, तुला एकही—"

मी त्यांना तिथेच थांबवले. मतदाराने आपले मत क्लर्कला सांगू नये, असा नियम आहे. ते म्हणाले : "घरातसुद्धा क्लर्कच का गं तू?" मी हो म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मी रडले की नाही हे या अर्जाच्या कक्षेबाहेर आहे.

दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. कोणी हरणाच्या मांसाचा रस्सा आणला, कोणी रानचेरीचा जॅम, कोणी गरम पाई. सगळ्यांचे वाक्य एकच : "अगं, मला वाटलं मी एकट्यानंच लिहिलं." मी प्रत्येकास सांगितले की तुम्ही काय लिहिले ते मला सांगू नका. आमच्याकडे या क्षणी सात पाई आहेत. बश्या खोक्यांत असल्याने आम्ही त्या भांड्यातूनच खातो.

११. आता मी राजीनामा द्यावा आणि मंडळाने श्रीमती उगाल्दे यांना नेमावे, हा सरळ मार्ग होता. मी खाणावळीत जाऊन हात जोडले. त्या टेबल पुसत होत्या. त्या म्हणाल्या : "व्हर्लीन, तुझ्यावर राग नाही माझा. पण निम्म्या गावानं छापलेलं नाव सोडून हातानं दुसरं लिहिलं. आता मागच्या दारानं येऊन बसू? उद्या कुणाचं मत बाद केलं तर तो म्हणेल, तुला कुणी निवडलंय? काय सांगू त्याला?" मी म्हणाले, तो निरोप होता, नकार नव्हता. त्या म्हणाल्या : "मतपेटीत दोन्ही सारखेच दिसतात."  यावर आपणाकडे उत्तर असल्यास कळवावे.

जानेवारीत नवी मुदत सुरू होते, तेव्हा मी नवी शपथ घेतली तर मीच क्लर्क. घेतली नाही तर दुसरा येईपर्यंत जुनी क्लर्क म्हणून मीच. शपथ देणारीही मीच. मी हा कायदा पुढून वाचला, मागून वाचला, पतींना मोठ्याने वाचून दाखवला. ते झोपी गेले. त्यांचा श्वास मोजत मी जागी राहिले.

१२. महोदय, निवडून आलेला क्लर्क कोणाला भीत नाही, हे खरे. पण नेमलेल्या माणसाला गाव निरोप देऊ शकते. निवडलेल्याला निरोप दिला की तो परत निवडून येतो. मला या गावाने द्वेषाने अडकवले असते तर मी दार आपटून गेले असते. यांनी मला प्रेमाने अडकवले आहे, आणि त्यावर कायद्यात अपील नाही.

तरी आपणास कळकळीची विनंती की,

पहिली : आपल्या खास अधिकारात सेजवेल काउंटीसाठी बाहेरचा अधिकारी ताबडतोब नेमावा. तो मंडळाच्या नव्हे तर थेट आपल्या हाताखाली असावा, म्हणजे श्री. प्रुइट यांच्या शंकेचेही समाधान होईल. तो कसाही असला तरी चालेल. मी त्याला शिकवीन. रस्ता उघडा असेपर्यंतच शिकवीन, पण शिकवीन.

दुसरी : हे शक्य नसल्यास, मतमोजणीतला माझा निर्णय चुकीचा ठरवावा. बर्डी नावाची कोणीही व्यक्ती या काउंटीत नाही, ते मत कोणालाच पडलेले नाही, असे आपण आपल्या सहीने लिहून द्यावे. मग श्रीमती उगाल्दे एका मताने विजयी होतात, लोकांनी निवडलेल्या ठरतात, त्यांचा मान राहतो. मी किल्ली त्यांच्या हातात देते आणि माझ्या माणसाला घेऊन खाली उतरते. आपण राजधानीत आहात. आपण मला कधी पाहिलेले नाही, त्यालाही नाही. आपणास ते वाक्य लिहिणे जड जाणार नाही. मी तीन वेळा कागद घेतला. मला ते लिहिता येत नाही.

उत्तर टपालाने न पाठवता फोनने द्यावे. फोन दोनदा वाजूनही उचलला नाही तर पुन्हा करावा, मी पतींना उठवून बसवत असेन.

आपली, आणि इच्छा नसताना अजून या काउंटीची,
(सही) व्हर्लीन हॅस्केट
मु. ड्राय फोर्क
दि. २४ नोव्हेंबर

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र.
२) तहकूब राजीनामा.
३) इस्पिकची अठ्ठी. (जोडातून काढली आहे, परत नको.)
४) विवादित मतपत्रिकेची प्रत. मूळ मतपत्रिका कपाटात आहे. ती मागवू नये.

काउंटी क्लर्क कार्यालयाचा अभिप्राय
(अर्ज या कार्यालयामार्फत आल्याने देणे बंधनकारक)

अर्जदारास मी ओळखते. अर्जातील मजकूर कार्यालयातील कागदांशी पडताळला, तो खरा आहे.

विनंती पहिली : मान्य करावी, अशी जोरदार शिफारस. आज सकाळपासून खिंडीत बर्फ पडत आहे.

विनंती दुसरी : शिफारस करता येत नाही. बर्डी नावाची व्यक्ती या काउंटीत राहते. मतदाराने ती नेमकी ओळखून लिहिली आहे. मत ग्राह्य आहे.

(सही) व्ह. हॅस्केट
काउंटी क्लर्क, सेजवेल काउंटी